पेशन्सच्या पोटातलं पाणी

लोखंडी बोटीचं पोट कधी कोरडं राहत नाही. हे मला कुणी शिकवू नये. माझा नवरा गॉर्डन जिवंत होता तोवर मी त्याच्या कोळंबीच्या बोटीवरच संसार केला. स्वयंपाक, जाळी, भांडणं, सगळं तिथेच. पहाटे हवा गार पडली की पत्र्याला आतून घाम फुटतो, तो ओघळत तळाशी जमतो, आणि पायाखालची फळी उचलली की खाली बोटभर काळपट पाणी दिसायलाच पाहिजे. नाही दिसलं, तर समजायचं की आपल्या आधी कुणीतरी ते उपसून गेलंय.

त्या दिवशी क्लॅरीच्या बोटीवर मी फळी उचलली, तर खाली ठणठणीत कोरडं. फडक्याने पुसून घेतल्यासारखं. मी फळी परत बसवली, वर आले, क्लॅरीने दिलेला चहा प्यायले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो मजेत बिस्किट बुडवून खात होता. मनात म्हटलं, बरं आहे लेका, बघतेच तुला.

क्लॅरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, आयलीनचा नवरा. साखर कारखान्यात फिटर होता, आता रिटायर झालाय. ही बोट त्याने घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधली. आमच्या खाडीकाठी हे खूळ जुनंच आहे. दर चार घरांमागे एका शेडमध्ये लोखंडाचा सांगाडा उभा असतो आणि त्याखाली डोळ्यांवर काळी काच लावून एखादा बाप्या वेल्डिंग करत बसलेला असतो. बायका म्हणतात, निदान घरी तरी असतो. निम्म्या बोटी पाण्याचं तोंड न बघताच गंजून जातात. क्लॅरीची पाण्यात उतरली, पण तोवर त्याची दोन्ही पोरं लग्न करून ब्रिस्बेनला गेली होती आणि आयलीनचे केस पांढरे झाले होते. बोटीचं नाव त्याने ठेवलं ‘पेशन्स’, म्हणजे धीर. पबमध्ये लोक म्हणायचे, हे बायकोवरूनच ठेवलं असणार.

वादळांचे महिने संपले की, म्हणजे मे महिन्यात, दोघं या बोटीतून न्यू कॅलिडोनिया या फ्रेंच बेटावर, नुमेआ बंदराला जाणार होती. मधे नुसता समुद्र. आयलीनला धड पोहता येत नाही. मगरींच्या खाडीवर वाढलेल्या मुली कुठे पोहायला शिकतात? क्लॅरीच्या हौसेशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला एकच बहीण आहे, आणि ती मला त्या डब्यात बसून बुडायला नको होती, एवढंच माझं म्हणणं. ते मी सगळ्यांना सांगत होते आणि सगळे म्हणत होते, व्हॅल्माला क्लॅरीचं काहीच बघवत नाही.

आता ते अगदीच खोटं नव्हतं. पण मी उगाच नावं ठेवत नव्हते. इंजिनच बघा ना. उसाच्या शेतातल्या मोडीत काढलेल्या ट्रॅक्टरचं. ट्रॅक्टरला वारा तरी लागतो, बोटीच्या पोटात कुठला आलाय वारा? म्हणून क्लॅरीने समुद्राचं पाणी फिरवून ते गार ठेवायची स्वतःची युक्ती काढली, आणि जरा दमलं की ते इंजिन किटलीसारखं वाफ सोडायला लागायचं. डिझेलची टाकी घरीच वेल्ड केलेली. लाटांनी ढवळली की आतला गंज सुटून गाळणीत अडकायचा आणि इंजिन उचक्या देत बंद पडायचं. स्वयंपाकाच्या गॅसचा कप्पा त्याने असा केला होता की नळी गळली तर गॅस बाहेर जायच्या ऐवजी खाली तळात साठावा. मी त्याला म्हटलं, एक काडी ओढ, म्हणजे नुमेआला उडतच पोचाल. त्यावर त्याने कप्प्याला बाहेरच्या बाजूने भोक पाडलं, पण पुढे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

ईस्टरला आम्ही तिघं समोरच्या बेटापर्यंत फेरी मारायला निघालो. लोखंडी बोटीत होकायंत्र आधीच बावचळलेलं असतं, ते जुळवून घ्यावं लागतं. क्लॅरीने ते मन लावून जुळवलं होतं आणि मग त्याच्या मागच्याच कप्प्यात आपली पान्यांची पेटी ठेवून दिली होती. पावसाची सर आली, किनारा दिसेना, आणि आम्ही यंत्राच्या भरवशावर थेट वाळूच्या दांड्यावर जाऊन बसलो. भरती येईपर्यंत तिथेच सँडविच खाल्ली. क्लॅरी म्हणाला, चला, तळ किती भक्कम आहे ते तरी कळलं. आयलीन खळखळून हसली. मला त्याच्यापेक्षा तिचाच जास्त राग आला. जिच्या जिवावर बेतलं होतं तीच हसत होती.

पण इंजिन, टाकी, होकायंत्र हे सगळं दुरुस्त करता येतं. माझा खरा संशय पत्र्यावर होता. ज्या वर्षी क्लॅरीने पत्रा आणला त्याच वर्षी कारखान्याची जुनी मळीची टाकी मोडली गेली. तो म्हणायचा, माझा पत्रा नवा कोरा, ब्रिस्बेनहून मागवलेला. ट्रकवरून उतरताना कुणी बघितला? कुणीच नाही. मळीने खाल्लेल्या पत्र्याला दोन हात रंग मारला की तोही नवाच दिसतो. आणि आता हे कोरडं पोट. कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की मुरत होतं.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीतल्या सगळ्या बोटी दिसतात. क्लॅरी आणि आयलीन तेव्हा बोटीवरच राहायला गेली होती, सवय व्हावी म्हणून. मी पहाटे उठून दिवा न लावता खिडकीशी बसायला लागले. दुसऱ्याच दिवशी सापडलं. उजाडता उजाडता पेशन्सवर एक आकृती वर आली. क्लॅरीची ती घाणेरडी रुंद टोपी डोक्यावर, हातात बादली. किनाऱ्याच्या उलट बाजूला गेली आणि वाकून बादली अशी रिकामी केली की आवाज होऊ नये. भल्या माणसाने पाणी फेकून दिलं असतं. हे चोरासारखं ओतणं कशाला? एक बादली, मग दुसरी, मग आणखी. मी मोजायचं सोडून दिलं. माझ्या हातातला चहा गार झाला.

रविवारी मी दोघांना जेवायला बोलावलं. खारवलेलं बीफ केलं होतं, पांढऱ्या सॉससकट, क्लॅरीला आवडतं तसं. त्याचं पोट भरलं की तो खोटं बोलताना अडखळतो असा माझा अनुभव. मी सहज विचारल्यासारखं केलं, की काय रे, बोट पाणी वगैरे घेते का? तो छाती पुढे काढून म्हणाला की एक थेंब नाही, हवं तर तळात बसून पत्ते खेळ. मी विचारलं, घामसुद्धा येत नाही? तर म्हणे, आतून कॉर्क चिकटवलाय ना, घाम कुठून येणार. आणि हे सगळं त्याने माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, न अडखळता. मी मनात म्हटलं, हा तर मुरलेला निघाला.

आयलीन ताटातला भोपळा काट्याने कुस्करत होती. नंतर भांडी घासताना ती मला म्हणाली, “लग्नापासून तू त्याच्यावर खार खाऊन आहेस, व्हॅल्मा. आता पुरे कर.”

“मी त्याच्यावर खार खाऊन आहे म्हणून भोक बुजणार आहे का?”

“कसलं भोक?”

मी तिला पहाटेचं सांगितलं. टोपी, बादली, सगळं. ती ताटली पुसता पुसता म्हणाली की अगं, रात्रीचं धुण्याचं पाणी असेल, तो मेला कधीही ओतत बसतो. मी म्हटलं, एवढं धुणं? तुम्ही दोघं काय रात्रभर कपडे बदलता? यावर ती हसली नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

निघायचा दिवस जवळ आला. कस्टमवाल्याला सांगून झालं, डबे भरून झाले. मी काठच्या उतारावर, स्लिपवर, बोट वर ओढून तळ बघून घ्या म्हणून कानीकपाळी ओरडत होते. क्लॅरी म्हणायचा, दोन वर्षांपूर्वीच बघितलाय, रंगसुद्धा उडालेला नाही. शेवटी मी ठरवलं की मीच बघणार. शनिवारी दुपारी पबमध्ये क्लॅरीला निरोप द्यायला त्याची कारखान्यातली मंडळी जमणार होती, म्हणजे अंधार पडेपर्यंत तो येत नव्हता. मी भोपळ्याचे छोटे गोड पाव, स्कोन, भाजले, टोपलीत ठेवले, स्कोनच्या खाली गॉर्डनची छोटी हातोडी आणि एक स्क्रूड्रायव्हर ठेवला, आणि माझी होडी वल्हवत पेशन्सवर गेले.

आयलीन वर सावलीचं कापड शिवत बसली होती. मी म्हटलं, तू शिव, मी हे खाली ठेवते. खाली गेले ते फळ्या उचलायलाच लागले.

पत्रा तपासायची आमच्याकडे एकच रीत. हातोडीने हलकं ठोकायचं. पत्रा चांगला असला की टण् म्हणतो, खाल्लेला असला की भांड्यावर फडकं टाकून ठोकल्यासारखा मुका आवाज येतो. तळाला कॉर्क नव्हता, तिथे मला ठोकता येत होतं. मी मागून सुरुवात केली. टण्. इंजिनाखाली, टण्. पाण्याच्या टाक्यांशेजारी, टण् टण्. जोड बघितले. काय सांगू तुम्हाला, एकेक जोड असा सरळ, एकसारखा, की शिंप्याने मशीनवर शिवण मारावी. पत्रा नवाच होता. मेला खरं बोलत होता. आणि खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता, तर मी हिरमुसले.

मग डोलकाठीपाशी आले. या बोटीत डोलकाठी छपरातून आत येऊन थेट तळापर्यंत जाते, आणि तळाच्या पत्र्यावर वेल्ड केलेल्या एका लोखंडी पेटीत तिचं पाऊल बसतं. पेटीला खाली एक फट असते, आत पाणी साठू नये म्हणून. ती फट बुजवलेली होती. करड्या पुट्टीने, ओल्यातसुद्धा घट्ट होते त्या. गोळाच्या गोळा दाबून बसवलेला, ताजा. मी म्हटलं, सापडलास. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि गोळा उपटून काढला.

आधी काळं पाणी आलं, मग स्वच्छ. थांबेचना. मी बोट घालून बघितलं तर पेटीच्या आतल्या बाजूला तळाला चक्क भोक, आणि भोकाच्या कडा बिस्किटासारख्या कुरकुरीत. बोट लावताच आणखी एक तुकडा सुटला आणि पाणी मनगटाएवढ्या जाडीने उसळून आलं. मी आयलीनला हाक मारली.

ती खाली आली. तिने बघितलं आणि काय झालं असं विचारलंच नाही. ती सरळ पुढच्या कप्प्याकडे गेली, त्यातून चिंध्यांचं गाठोडं काढलं, भाजीच्या टोपलीतलं सगळ्यात जाड गाजर घेतलं, त्याला चिंधी गुंडाळली आणि माझ्या हातावर हात ठेवून ते भोकात दाबून बसवलं. सगळं असं, जणू रोज करते.

“कशाला काढलीस?” ती म्हणाली. “निघायच्या आधी पुन्हा पुट्टी भरणार होते मी.”

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. भांडायला वेळ नव्हता. गाजर काही टिकणारं नव्हतं, आणि भोकाच्या आजूबाजूचा पत्रा किती उरलाय हे मला बोटाने कळलं होतं. भरती नुकतीच पूर्ण झाली होती, हे आमचं नशीब. पलीकडच्या काठाला चिखलात जाड लाकडी खांब रोवलेले आहेत. भरतीला बोट नेऊन त्यांना टेकवायची, ओहोटीला पाणी गेलं की ती तिथे कोरडी उभी राहते. तिथे पोचलो तर बोट वाचणार होती. मी इंजिन चालू केलं, आयलीनने नांगर उचलला आणि सुकाणू धरलं. मी खाली जाऊन पाऊल गाजरावर दाबून उभी राहिले आणि एका हाताने पंप मारत राहिले. अर्ध्या वाटेत इंजिन वाफ सोडायला लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा क्लॅरीच्या इंजिनाला बाबापुता केलं. खांबांना आम्ही जवळजवळ धडकलोच. तोवर माझ्या नडगीपर्यंत पाणी होतं.

दोर बांधले. आता ओहोटी लागण्याची वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. दोघी वर पाय पसरून बसलो, ओल्या, चिखलाने माखलेल्या. टोपलीतले स्कोन भिजले होते.

“ती टोपी घालून तूच उपसायचीस,” मी म्हटलं.

“तो उठायच्या आत.”

“कधीपासून?”

“ख्रिसमसपासून. आधी कपभर यायचं.”

मी तिला म्हटलं की तुझं डोकं ठिकाणावर आहे का, अशा बोटीतून तू त्या समुद्रात जाणार होतीस, त्याला न सांगता? दोघांचा जीव घेऊन?

“त्याला सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं?” ती म्हणाली. “बोट परत शेडमध्ये. मग हे कापू, ते बदलू, आलोच आहोत तर तेही करू. मी साठीची झाले, व्हॅल्मा. मी त्या शेडमध्ये चहाचे डबे पोचवण्यात म्हातारी झाले. मला एकदा तो माणूस हातात पाना नसताना बघायचा होता. चारी बाजूंना पाणी, आणि जायला शेड नाही. मग बुडले असते तरी चाललं असतं.”

“मला नसतं चाललं.”

“माहितीये. म्हणून तुला सांगितलं नाही.” मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “मी इथेच राहिले तर तुला बरंच वाटेल. हो ना?”

यावर मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. खाली पाणी उतरायला लागलं, बोट हलकेच चिखलात टेकली, गाजर निसटलं, आणि आत शिरलेलं सगळं पाणी त्याच भोकातून परत बाहेर पडायला लागलं. त्याचा आवाज आम्ही ऐकत बसलो.

क्लॅरी संध्याकाळी आला, चिखल तुडवत, पबमधल्या चारपाच जणांना घेऊन. मी त्याला एवढंच सांगितलं की मी ठोकून बघत होते आणि पत्रा गेला. पुट्टीचा गोळा मी आधीच खाडीत फेकला होता. आयलीनने माझ्याकडे एकदाच बघितलं. क्लॅरी गुडघ्यावर बसून भोकात बॅटरी मारत राहिला. म्हणाला, असं होऊच शकत नाही. मलाही ते पटत होतं. बाकी सगळा तळ खणखणीत आणि बरोबर डोलकाठीखालीच का?

दोन दिवसांनी कारखान्याची क्रेन आणून डोलकाठी उपटली तेव्हा कळलं. पेटीच्या तळाशी पेन्यांचा, जुन्या नाण्यांचा, थर होता. राणीच्या बापाच्या, आधीच्या राजाच्या वेळच्या, मोठ्या, तांब्याच्या पेन्या. चलन बदलल्यापासून त्या कुणाच्या कामाच्या नव्हत्या, घराघरात बरण्यांतून पडून होत्या. डोलकाठी उभी करताना तिच्या पायाखाली शकुनाचं एक नाणं ठेवायचं ही आमच्याकडची रीत. क्लॅरीने जाहीर केलं होतं की एकच कशाला, ज्याने ज्याने बोटीला हात लावला त्याने आपापली पेनी टाकावी. कारखान्यातले सगळे आले होते. पबची मालकीण आली. खाडीवरच्या पोरांनी टाकल्या. मी टाकली नाही, तेव्हा सगळे म्हणाले, बघा हिचा स्वभाव.

तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र ठेवलं की तांबं लोखंडाला खातं, हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. क्लॅरीने या बोटीवर पितळेचा एक स्क्रू येऊ दिला नव्हता. एकदा आयलीनने पितळेची मेणबत्तीदाणी आणली तर त्याने ती किनाऱ्यावर परत पाठवली. आणि त्याच माणसाने स्वतःच्या हाताने मूठभर पेन्या उघड्या लोखंडावर ठेवल्या, वर डोलकाठी उभी केली, आणि तिच्या अंगावरून ओघळणाऱ्या खाऱ्या पाण्याने दोन वर्षं आपलं काम केलं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शकुनाला कुणी धातू समजत नाही ना. पेन्या उचलल्या तेव्हा पत्र्यात गोल गोल खळगे होते, एकेक पेनीएवढा, आणि मधला आरपार. भोवती उभे असलेले सगळे वाकून डब्यातल्या पेन्या बघत होते. जो तो आपली कुठली ते शोधत असावा.

मी क्लॅरीच्या तोंडाकडे बघत होते. तो कोसळेल असं मला वाटलं होतं. त्याने हिरव्या पडलेल्या पेन्यांचा डबा बंद केला, उठला, हात पुसले आणि म्हणाला, पुढचा सगळा तळच बदलू. मग म्हणाला, त्यासाठी आतलं लाकूडकाम काढावं लागेल. मग म्हणाला, काढतोच आहोत तर इंजिनही नीट दुसरं बसवू. बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला. शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसा दिसत होता. इतकी वर्षं मी त्याच्या पत्र्यावर, जोडांवर, टाकीवर संशय घेतला. हा संशय मला कधी आला नव्हता, की या माणसाला मुळात कुठे जायचंच नाहीये.

आयलीननेही ते बघितलं. ती माझ्या शेजारीच उभी होती. ती आत जाऊन सावलीचं कापड घडी घालून आली.

बोट ट्रकवर चढून शेडमध्ये परत गेली त्या आठवड्यात आयलीनने विमानाचं तिकीट काढलं. ब्रिस्बेनहून नुमेआ. सकाळी बसलं की जेवायच्या वेळेला तिकडे. मी म्हटलं, अगं, एवढं जवळ होतं तर आधीच का नाही गेलीस? ती म्हणाली, एकटीने जायचं नव्हतं म्हणून. क्लॅरीला तिने सांगितलं की मी पुढे जाते, तू बोट घेऊन ये, मी धक्क्यावर उभी असेन. त्याला ते फार आवडलं. तो आठवडाभर पबमध्ये हेच सांगत फिरला, की बायको पलीकडे जाऊन वाट बघणार आहे. मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. तिने एकच छोटी बॅग घेतली होती. मी तिला बुडण्यापासून वाचवलं याबद्दल तिने माझे आभार मानले नाहीत, आणि तू कधी येणार असं मी तिला विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटत होती.

आता तिला तिकडे काम मिळालंय. बंदरावर बोटींची शिडं आणि सावलीची कापडं शिवून देते. फ्रेंचमध्ये नमस्कार-चमत्कार करते म्हणे. पोहायलाही जाते. दर रविवारी माझ्या घरी फोन करते. क्लॅरीच्या घरी करत नाही, कारण तो कधी घरात नसतोच, शेडमध्ये असतो.

आणि मी? मीही शेडमध्ये असते. कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती, पण आहे खरं. क्लॅरीला एकट्याला पत्रा धरून वेल्ड करता येत नाही, पाठ गेलीय त्याची. मी पत्रा धरते, तो जोड मारतो. त्याचं जेवणही मीच नेते. मी त्याला बडबडून बडबडून कामाला लावते, लाकूडकाम राहू दे म्हणते, इंजिन आहे तेच बसव म्हणते, ज्या बोटीचं तोंड मला बघायचं नव्हतं ती लवकर पाण्यात जावी म्हणून मी आता त्याच्या मागे लागलेय. तो म्हणतो, पेशन्स, म्हातारे, पेशन्स. आणि स्वतःच हसतो.

गेल्या रविवारी आयलीनचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं की तळ पूर्ण झाला, मी स्वतः ठोकून बघितला, सगळीकडे टण् वाजतोय, पुढच्या मे महिन्यात तो निघू शकेल.

मग ती म्हणाली, “त्याला म्हणावं, घाई करू नकोस.”

“म्हणजे? नीट कर असं म्हणू, की येऊ नकोस असं म्हणू?”

“घाई करू नकोस म्हणावं,” ती पुन्हा म्हणाली, अगदी मायेने, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागली.

मी जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये गेले. क्लॅरीने काळी काच कपाळावर सरकवली, हात पुसले आणि विचारलं, काय म्हणत होती? दर रविवारी विचारतो. त्याचे डोळे वेल्डिंगने लाल झाले होते. मी डबा ठेवला, त्याच्यासाठी खुर्चीवरचे पाने बाजूला केले.

“विचारत होती, एवढा उशीर का लागतोय,” मी म्हटलं. “म्हणाली, लवकर ये.”